रायवळाखालचा सडा आधी उचला

मे सरत आला की मला फोन येतात ते वानरांचे, नाहीतर विहीर आटल्याचे. यंदा गेल्या दहा दिवसांत मात्र एकच पाढा ऐकतोय: "साहेब, पाहुण्यांनी आंबा कापला आणि आत अळ्या निघाल्या." रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराला लागून दोन-चार खोल्या काढून ज्यांनी पर्यटक ठेवायला सुरुवात केली, त्यांचीच ही तक्रार. पेटीतला डागी आंबा निदान डोळ्याआड फुटतो. इथे तो आपल्याच पडवीत, जेवणाच्या ताटात, चार माणसांदेखत निघतो. पावसाआधीची शाकारणी, गडग्याकडेचं गवत, पाण्याची बेगमी हे सारं तुम्हाला कळतं असं धरतो आणि आज फळमाशीवरच लिहितो.

आधी साका वेगळा काढा. बाठ्याजवळचा गर फिकट, भुसभुशीत, वासाला आंबूस झाला असेल तर तो साका. त्यात कीड नसते. फळमाशीच्या फळावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका असतो, कधी त्यातून चिकाचा थेंब आलेला असतो, भोवतीची साल दाबली की बोट आत जातं. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, आठवडा-दहा दिवस गर खातात, मग फळ सोडून मातीत शिरतात आणि कोषात जातात. सध्याच्या उष्म्यात अंड्यापासून नवी माशी व्हायला साधारण तीन आठवडे पुरतात. एप्रिलअखेर दुर्लक्ष केलेला आंबा आज तुमच्या अंगणात माशा सोडतो आहे.

राजापूरकडे एका बागेत गेलो होतो. घर देखणं, खळं शेणाने सारवलेलं, आणि वीस पावलांवर जुना रायवळ. खाली आंब्यांचा पिवळाधमक सडा. मालक म्हणाले, "मुद्दाम ठेवलाय, मुंबईच्या पोरांना वेचायची हौस असते." एक आंबा उचलून दाबला, तर पांढरी अळी अंगाचं वेटोळं करून टिचकी मारल्यासारखी उडाली आणि मालकांच्या चपलेवर पडली. झाडाखालची माती बोटभर उकरली, तर तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष. म्हणजे हौसेपायी त्यांनी माश्यांचं पाळणाघरच चालवलं होतं, आणि त्याच रायवळापलीकडे त्यांचा हापूस उभा होता.

शिवाय पाहुण्यांच्या ताटातल्या साली, बाठे, अर्धवट खाल्लेले आंबे जातात कुठे? केळीच्या बुंध्यात, नाहीतर उकिरड्यावर. तिथे अळी मरत नाही, सुखाने कोषात जाते.

"पण सापळे लावलेत ना!" हे उत्तर ऐकून माझे कान किटले आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा चांगला आहे, लावलाच पाहिजे. पण त्यातल्या मिथिल युजेनॉलला फक्त नर भुलतो. अंडी घालणारी मादी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एका बागायतदाराने मेलेल्या माशांनी भरलेली बाटली अभिमानाने माझ्यापुढे धरली. पुढच्याच आठवड्यात त्यांची पेटी परत आली. बाटलीत सगळे नर होते. सापळे हंगामाच्या आधीपासून, बागभर, सावलीत हवेत, आणि त्यातला बोळा वेळेवर बदललेला हवा. जेवणाच्या टेबलावर शोभेला टांगलेला सापळा काढून टाका. तो माशांना तिथे बोलावतो. परसातल्या कारल्या-पडवळाची माशी निराळी, तिला क्यू ल्यूरचा सापळा लागतो.

तुळशीचा चोथा बाटलीत घालणारेही भेटतात. तुळशीत मिथिल युजेनॉल असतं, म्हणून नर येतात हे खरं. पण वास लवकर उडतो आणि पुन्हा सापडतात ते नरच. धूर, डांबरगोळ्या, गोमूत्र यांच्याविषयी मला विचारू नका. आणि तुडतुड्यासाठी आणलेलं उरलेलं औषध आता फळांवर मारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: अळी आत आहे, औषध सालीवर राहणार, आणि ते फळ उद्या एखादं लहान मूल चोखणार. हे बंद करा.

काम साधं आहे, कंटाळवाणं आहे, रोजचं आहे. सकाळ-संध्याकाळ पडलेलं प्रत्येक फळ उचला. हापूस असो, रायवळ असो, शेजाऱ्याचा गडग्यावरून आलेला असो. दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात टाका. झाडाखालची माती हलकी उकरून कोंबड्या सोडा. त्या कोष बरोबर टिपतात. "झाडावरच पिकलेला आंबा द्या" असा पाहुण्यांचा हट्ट असतो. देऊ नका. माशीला हवा तो तसाच आंबा. तयार झालेलं फळ झेल्याने देठासकट काढा, पेंढ्याच्या आढीत पिकवा, आणि ती आढी पाहुण्यांना उघडून दाखवा. त्या वासानेच ते गप्प होतात. फळांना कागदी पिशव्या घालायची वेळ यंदा गेली. पुढच्या वर्षी फळ अंड्याएवढं झालं की घाला, निदान घरच्या खाण्याच्या आणि पाहुण्यांच्या झाडांना.

याच माशीपायी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातल्या आंब्याला दार बंद केलं होतं. ते उघडायला २०१५ उजाडलं. आता वळवाच्या सरी सुरू झाल्या आहेत, हवा दमट होते आहे, माशी वाढणार. आंबा संपला तरी ती जात नाही, परसातल्या पेरू-चिकूवर मुक्काम हलवते.

पाहुण्यांच्या पोरांना आंबे वेचू द्या, हरकत नाही. मात्र टोपली भरली की ती तुम्ही स्वतः खड्ड्यापर्यंत न्या.