स्वयंसेवकांनो, ऐकून गप्प बसू नका

आपल्या ठाकुर्लीच्या पुढे, याच लोकलमार्गावर बदलापूर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तेथील एका शाळेत सफाई कर्मचाऱ्याने दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचे उघड झाले. 20 ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले. पुढे, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला. ती शाळा कॅथलिक नव्हती, पण म्हणून आपण सुटलो असे नाही.

स्नेहसंमेलन, सहल, खेळ यांसाठी आपल्यापैकी कितीतरी जण शाळेत मदतीला जातात. पगार नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा समज असतो. पण 2012 च्या पॉक्सो कायद्याचे 19 वे कलम प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. अत्याचार झाल्याचे कळले किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फादरांना किंवा सिस्टरांना जरूर सांगा, मात्र तेवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांना असे प्रकार ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवणे सक्तीचे केले, तेव्हाही देशाचा कायदा पाळायचाच असे स्पष्ट केले. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

मूल बोलू लागले तर शांतपणे ऐका. खोदून विचारू नका, तपास पोलीस करतील. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. मात्र मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात त्या मुलाचे नाव कुजबुजूही नका. लहान मुलाला स्वच्छतागृहात एकट्याने नेऊ नका, दुसरे मोठे माणूस सोबत घ्या (सहलीच्या घाईत नेमके हेच राहून जाते). कोणाला फोन करावा हे सुचत नसेल, तर मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.