अभ्यासपाठ : वकिलाचा पहिला प्रश्न

वाचन : लूक १८:१-८



दृष्टांतातील विधवा न्यायाधीशाकडे एकटीच जात राहिली. आपल्या पाड्यांवरच्या कितीतरी बहिणी आजही तशाच एकट्या जातात.

काही वर्षांपूर्वी मारहाणीला कंटाळलेल्या एका बहिणीला घेऊन मी एका तरुण वकिलांकडे गेले. त्यांनी आधी विचारले, "लग्नाचा दाखला आहे का?" लग्नाचा खर्च परवडला नाही म्हणून ती दोघे विधीविनाच संसार करीत होती. तिने मान खाली घातली, ती पुन्हा तिथे आली नाही. वकील वाईट नव्हते. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

म्हणून कायद्याचे विद्यार्थी आमच्याकडे येतात, तेव्हा मी तीन गोष्टी सांगते.

१. केंद्र सरकारच्या अधिसूचनेशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. पण कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आदिवासी स्त्रीलाही आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही त्यात येते.

२. हिंसा म्हणजे केवळ मार नव्हे. लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, घरखर्चाला पैसे न देणे हीसुद्धा हिंसाच.

३. संरक्षण अधिकारी तिचा अहवाल तयार करतात. दंडाधिकारी संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांविषयी आदेश देऊ शकतात. पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवावी, असे कायदा सांगतो. शिवाय स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

मग सराव घेतो. एक विद्यार्थिनी पीडित स्त्री होते, दुसरा वकील. पहिला प्रश्न कागदाचा नको. "ताई, आज रात्री तुम्ही आणि मुलं कुठे राहणार? तिथे धोका नाही ना?" एवढे विचारले की पुढचे ती स्वतःच सांगू लागते.

मंडळीतही आपण आधी काय विचारतो? "तू काय केलंस?" आणि मग म्हणतो, "सहन कर, प्रार्थना कर." प्रार्थना जरूर करावी, पण तिला मार खायला परत पाठवून नव्हे.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या तालुक्यातील संरक्षण अधिकारी कुठे बसतात, हे आपल्याला ठाऊक आहे का?
२. मंडळीतील कोणी तरुण कायदा शिकत आहे का? त्याला पाड्यावर कधी नेणार?

प्रार्थना : हे प्रभो, एकट्या जाणाऱ्या बहिणीसोबत चालायला आम्हाला शिकव. आमेन.