शब्दांची छाटणी

(विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पतींच्या अवयवांची अनेक नावे येतात. ही नावे कोणी ठरवली, ती अधूनमधून का तपासावी लागतात आणि शेतातील बोलीशी त्यांचा काय संबंध आहे, हे या पाठात सांगितले आहे. पाठात आलेल्या वस्तू शक्य तर प्रत्यक्ष हातात घेऊन पाहाव्यात.)

हळद हे मूळ आहे की खोड? सांगली हे हळदीच्या व्यापाराचे जुने ठिकाण. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या मुलांना हळद ओळखायला शिकवावे लागत नाही. तरीही वर्गात हा प्रश्न विचारला, की पुष्कळ मुले ‘मूळ’ असेच उत्तर देतात. जमिनीखाली वाढते ते मूळ, असे आपण धरून चालतो.

ओल्या हळदीचा एक गड्डा हातात घेऊन पाहा. त्यावर आडव्या कडा दिसतील. त्या कडांशी वाळक्या, पातळ खवल्यांसारखी पाने चिकटलेली असतात. जवळच लहान डोळे असतात आणि त्यांतून नवा कोंब येतो. पाने आणि डोळे ठरावीक जागी धारण करणे हे खोडाचे लक्षण आहे, मुळाचे नव्हे. म्हणून हळद हे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड आहे. आलेही तसेच. बटाटा हेसुद्धा खोडच. रताळे मात्र खरोखर मूळ आहे. कांद्यात आपण खातो ते पानांचे जाड झालेले तळ असतात. कांद्याचे खोड म्हणजे खालची ती लहानशी तबकडी.

बोलताना आपण या सर्वांना सरसकट ‘कंद’ किंवा ‘कंदमुळे’ म्हणतो. स्वयंपाकघरात तेवढे पुरते. अभ्यासात पुरत नाही. म्हणून शास्त्रात प्रत्येकासाठी वेगळा शब्द योजला गेला. हळदीसारख्या खोडाला ‘मूलक्षोड’, बटाट्यासारख्याला ‘ग्रंथिक्षोड’ आणि कांद्यासारख्याला ‘कंद’. एखाद्या शास्त्रासाठी अर्थ ठरवून घेतलेल्या अशा शब्दांना परिभाषा म्हणतात. उर्दूत आपण त्यांनाच इस्तिलाहात म्हणतो.

आता ‘मूलक्षोड’ हा शब्द नीट पाहा. क्षोड म्हणजे खोड. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘मूल’ बसलेले आहे. जी चूक टाळायची, तिचीच आठवण हा शब्द करून देतो. शालेय पुस्तकांत ‘भूमिगत खोड’ असे सोपे शब्द येतात. ते चटकन समजतात, पण त्यांत हळद आणि बटाटा पुन्हा एकाच ओळीत बसतात. एक शब्द नेमका आहे पण फसवा, दुसरा सोपा आहे पण ढोबळ. परिभाषा एकदा ठरली की काम संपले, असे होत नाही ते यामुळेच.

मराठीतील हे शब्द ठरवण्याचे मोठे काम आपल्या शेजारी झाले आहे. कृष्णा नदी सांगलीला येण्यापूर्वी सातारा जिल्ह्यातील वाईवरून वाहते. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ यांची स्थापना झाली. मंडळाचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. सर्व शास्त्रांची माहिती मराठीत द्यायची, तर आधी शब्द हवेत. म्हणून १९७३ साली प्रथम ‘परिभाषासंग्रह’ प्रसिद्ध झाला आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. भाषा संचालनालयानेही निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश काढले.

शब्द तयार झाले, पण काही ठिकाणी एका वस्तूला दोन नावे मिळाली. शाळेच्या पुस्तकात आपण ‘पेशी’ वाचतो. विश्वकोशाच्या जुन्या खंडांत ‘कोशिका’ हा शब्द दिसतो आणि त्याच्यापुढे कंसात ‘पेशी’ असे लिहिलेले असते. कोशिका म्हणजे लहानसा कोश. हा शब्द हिंदीतही चालतो. हिंदीत ‘पेशी’ म्हटले, तर स्नायू असा अर्थ होतो. त्यामुळे ‘कोशिका’ निवडण्यामागे विचार होता. पण मराठी मुलांच्या तोंडी ‘पेशी’ बसली होती, ती उठली नाही.

असेच दुसरे उदाहरण. झाडात पाणी वर नेणाऱ्या भागाला शालेय पुस्तकात ‘जलवाहिनी’ म्हणतात, विश्वकोशात ‘प्रकाष्ठ’. जलवाहिनी या शब्दातून काम कळते. पण त्या भागात पाणी नेणाऱ्या नळ्यांखेरीज आधार देणारे धागे आणि साठा करणाऱ्या पेशीही असतात. त्यांचा या नावात पत्ता नाही. शिवाय नगरपालिका रस्त्याखाली घालते तीही जलवाहिनीच! काष्ठ म्हणजे लाकूड. झाडाचे लाकूड याच भागाचे बनते, हे ‘प्रकाष्ठ’ या शब्दातून कळते. मात्र हा शब्द मुलांना परका वाटतो. दोन्ही शब्दांची बाजू समजून घेतली, तर दोन्ही लक्षात राहतात.

उर्दू माध्यमातील मुलांपुढे तर तिसरे नावही असते. आपण विज्ञान उर्दूतून शिकतो, मराठी या पुस्तकातून शिकतो आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी नावे येतात. तेव्हा काही मुलांना वाटते, की हे आपल्याला काहीच ठाऊक नाही. खरे तर वस्तू ठाऊक असते, तिचे नवे नाव तेवढे ठाऊक नसते. ही दोन अज्ञाने वेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली, तर हुशार मुलगाही मागे पडतो.

उर्दूतही परिभाषेसाठी असेच कष्ट झाले. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण सुरू झाले. त्यासाठी तेथील दारुत्तर्जुमा या संस्थेत विद्वान एकत्र बसून शास्त्रीय शब्द ठरवीत. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून चालत असे. वहीदुद्दीन सलीम यांनी तर शास्त्रीय शब्द कसे घडवावेत, याच विषयावर ‘वजा-ए-इस्तिलाहात’ नावाचा ग्रंथ लिहिला.

या वेगवेगळ्या भाषांतील शब्द शेजारी ठेवून पाहिले, की एक गंमत दिसते. सारखे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला मराठीत ‘ऊती’ किंवा ‘ऊतक’ म्हणतात. संस्कृतात ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ‘ओतप्रोत’ या शब्दातील ‘ओत’ हाही विणण्याचाच शब्द आहे. उर्दूत ऊतीला ‘बाफ्त’ किंवा ‘नसीज’ म्हणतात. बाफ्त हा फारसी शब्द, नसीज हा अरबी. दोन्हींचा अर्थ विणकाम. इंग्रजीतील ‘टिश्यू’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचाही अर्थ विणलेले कापड असाच होता. विट्याच्या मागावर धागे एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होते. तशा पेशी एकत्र येऊन ऊती बनते. चार नावे, कल्पना एकच. ‘पेशी’ला उर्दूत ‘खलिया’ म्हणतात. अरबीत मधमाश्यांच्या घराला हा शब्द आहे. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांनाही मधमाश्यांच्या पोळ्याचीच आठवण झाली होती.

शास्त्राचे सर्व शब्द ग्रंथांतून येतात असेही नाही. ऊस पाहा. खोडावर जेथे पान फुटते त्या जागेला पुस्तकात ‘पेर’ म्हणतात आणि दोन पेरांमधील भागाला ‘कांडे’. हे दोन्ही शब्द शेतकऱ्यांचेच आहेत. पण बोलताना आपण ‘उसाचे पेर खाल्ले’ असेही म्हणतो आणि तेव्हा आपल्या मनात कांडे असते. शास्त्राने येथे नवा शब्द आणला नाही. जुन्याच शब्दाचा अर्थ एका जागी पक्का केला. लागणीच्या वेळी शेतकरी ‘दोन डोळ्यांची टिपरी’ म्हणतो. तो डोळा म्हणजे पेराशी असलेली कळी. प्रत्येक डोळ्यातून नवा ऊस उगवू शकतो, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

द्राक्षबागेत तर हा प्रश्न पैशांचा होतो. तासगाव भागात ‘घडात मोजक्याच पाकळ्या ठेवा’ असा सल्ला दिला जातो. पुस्तक वाचणारा शहरी मुलगा म्हणेल, पाकळ्या तर फुलाला असतात. द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात आणि फूल उमलताना टोपीसारख्या एकदम गळून पडतात. त्या ठेवायच्या कशा? बागाईतदार ‘पाकळी’ म्हणतो ती घडाची लहान फांदी. जास्तीच्या फांद्या काढल्या, की उरलेले मणी चांगले पोसतात. शब्द एकच, अवयव दोन. हा सल्ला छापताना अर्थ स्पष्ट केला नाही, तर नवखा माणूस भलत्याच ठिकाणी कात्री लावील.

याच बागेत एक शब्दप्रयोग ऐकू येतो : ‘घडाची बाळी झाली.’ वेल ज्या तारेसारख्या अवयवाने आधार धरते, त्याला बागाईतदार बाळी म्हणतात. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होऊ लागतात. सुरुवातीला तेथे एक अगदी लहान उंचवटा असतो. त्याचे पुढे काय होणार, हे तेव्हा ठरलेले नसते. ऊन व पोषण चांगले मिळाले, तर त्याचा घड होतो. ढगाळ हवेने किंवा सावलीने अडथळा आला, तर त्याचीच बाळी होते. घड आणि बाळी एकाच मुळारंभापासून होतात, हे शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि प्रयोग करून दाखवले. बागाईतदाराने ते नुकसान सोसून ओळखले होते. अशी नेमकी बोली परिभाषेत यायला हवी. तिला गावठी म्हणून बाजूला सारणे शहाणपणाचे नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जगभरातही एका अवयवाला पिकागणिक वेगळी नावे असतात. भाताचा दाणा, मक्याचा दाणा आणि मोहरीची शेंग ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही फळेच आहेत. पण संगणकाला हे कसे कळावे? म्हणून या शतकाच्या सुरुवातीस अनेक संशोधकांनी मिळून ‘प्लांट ऑन्टॉलॉजी’ नावाचा शब्दसंग्रह तयार केला. त्याचे दोन भाग आहेत : एक वनस्पतींच्या अवयवांचा आणि दुसरा त्यांच्या वाढीच्या अवस्थांचा. प्रत्येक संज्ञेला एक क्रमांक, एक व्याख्या आणि इतर संज्ञांशी असलेले नाते दिलेले असते. कोणता अवयव कशाचा भाग आहे, कशापासून वाढला आहे, हे त्यातून कळते. प्रचारातील निरनिराळी नावे पर्याय म्हणून नोंदवतात. एखादी संज्ञा चुकीची ठरली, तर ती वापरातून काढतात, पण तिचा क्रमांक दुसऱ्या संज्ञेला देत नाहीत. त्यामुळे जुने लेखन वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

मराठी परिभाषा तपासतानाही हीच रीत उपयोगी पडेल. एका शब्दाला एकच अर्थ असावा. शब्दाने वस्तूविषयी खोटी समजूत देऊ नये. शेतकऱ्याचा शब्द नेमका असेल, तर तोच ठेवावा. शब्द बदलला, तरी जुना शब्द पर्याय म्हणून नोंदवून ठेवावा. हळदीवरच्या रोगाला आज सगळेजण ‘कंदकूज’ म्हणतात. शास्त्रीय अर्थाने हळद कंद नाही म्हणून हे नाव उद्या एकाएकी पुसले, तर औषध शोधणाऱ्या शेतकऱ्याचाच घोटाळा होईल.

द्राक्षाची काडी छाटताना जाणकार माणूस आधी डोळे मोजतो, मग कात्री चालवतो. शब्दांच्या बाबतीतही तेच करावे. विज्ञानाच्या वहीत नवीन शब्द लिहाल, तेव्हा त्याच्यापुढे तीन घरे आखा : पुस्तकातले मराठी नाव, उर्दू नाव आणि शेतातले नाव. तिसरे घर रिकामे राहिले, तर ते आपल्या गावातील एखाद्या शेतकऱ्याला विचारून भरा.

शब्दार्थ
छाटणी – झाडाच्या जास्तीच्या फांद्या कापणे
धरून चालणे – खरे आहे असे मानणे
सरसकट – सर्वांना एकाच मापाने
ढोबळ – नेमका नसलेला
गल्लत – घोटाळा, चुकीची सरमिसळ
ओतप्रोत – पूर्णपणे भरलेले
टिपरी – लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा
मुळारंभ – अगदी सुरुवातीची अवस्था
पर्याय – त्याच अर्थाचा दुसरा शब्द

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठी विश्वकोशाचे काम कोठे उभे राहिले?
(आ) कांद्याचे खोड कोणते?
(इ) बागाईतदार ‘पाकळी’ कशाला म्हणतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) हळद हे खोड आहे, हे कोणत्या खुणांवरून कळते?
(आ) ‘जलवाहिनी’ आणि ‘प्रकाष्ठ’ या शब्दांचे गुण व उणिवा सांगा.
(इ) ‘घडाची बाळी झाली’ याचा अर्थ स्पष्ट करा.

३. कारणे द्या.
(अ) ‘कंदकूज’ हे नाव एकाएकी बदलू नये.
(आ) ऊती, बाफ्त आणि टिश्यू या शब्दांमागची कल्पना एकच आहे.

४. वाक्यात उपयोग करा : धरून चालणे, गल्लत होणे, बाजूला सारणे.

५. उपक्रम : बटाटा, आले, रताळे, कांदा आणि लसूण यांचे निरीक्षण करा. प्रत्येकाचा खाण्याचा भाग मूळ, खोड की पान, हे कारणासह लिहा. घरात व बाजारात त्यांना जी नावे आहेत, तीही मिळवा.