धोतऱ्याचे बी ओळखा

हिंगोली जिल्ह्यात उकिरड्याच्या कडेला, पडीक रानात पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचे एक झुडूप तुम्ही पाहिले असेल. त्याची काटेरी फळे महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात. हाच धोतरा. तो पिकातही तण म्हणून उगवतो. मळणीत त्याची फळे फुटली, तर बी धान्यात मिसळते.

हे बी विषारी आहे. त्यात ॲट्रोपीन, स्कोपोलामीन अशी अल्कलॉइडे असतात. ती पोटात गेली की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. प्रसंगी प्राणही जातो. (गंमत अशी, की काही कीटकनाशकांची बाधा झालेल्या शेतकऱ्याला डॉक्टर हेच ॲट्रोपीन टोचून वाचवतात!) शिजवल्याने हे विष खात्रीने नाहीसे होत नाही. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाबीनच्या पिठात हीच अल्कलॉइडे सापडली. ३०० हून अधिक लोक आजारी पडले, ५ दगावले. दळलेल्या पिठात बी डोळ्यांना दिसत नाही. ओळखायचे ते दळण्यापूर्वीच.

सोयाबीनच्या गोल दाण्यांत हे चपटे बी चटकन दिसते. फसगत होते ती मिरचीच्या बियांशी, कारण मिरची आणि धोतरा एकाच कुळातले. मग फरक कसा ओळखाल?

शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही बिया पांढऱ्या कागदावर ठेवा व भिंगातून पाहा. चव मात्र मुळीच घेऊ नका. मिरचीचे बी फिकट पिवळे, गोलसर व गुळगुळीत असते. धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या किंवा कानाच्या आकाराचे असून त्यावर बारीक खळगे असतात. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. जुने मिरचीचे बी काळपट पडते आणि धोतऱ्याचे कोवळे बी फिकट असते. म्हणून कड पाहा. मिरचीच्या बियेची कड एकेरी असते, धोतऱ्याची जाड व दुहेरी.

तरीही शंका उरली, तर बिया रात्रभर भिजवा आणि शिक्षकांकडून ब्लेडने चपट्या बाजूला समांतर कापून घ्या. आतला गर्भ मिरचीत इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला दिसेल. धोतऱ्यात, बी फळाला चिकटलेले असते त्या जागी त्याचे टोक बाहेर वळलेले असते.

प्रयोग संपल्यावर हात साबणाने धुवा. तसेच डोळे चोळलेत, तर बाहुली मोठी होईल आणि फळ्यावरची अक्षरे दिवसभर अंधुक दिसतील.