टॅग काढताना मजकूरही जातो

एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट सांभाळायला घेतली, तेव्हा तक्रार होती की डॉक्टरांचा शेरा अर्धवट छापला जातो. "प्लेटलेट्स <५०,००० असल्यास लगेच कळवा" असं टाइप केलं, तर रिपोर्टवर नुसतं "प्लेटलेट्स" उरायचं. ना एरर, ना लॉगमध्ये नोंद.

हे काम पीएचपीच्या 'स्ट्रिप_टॅग्ज' या टॅग काढणाऱ्या फंक्शनचं. '<' ला चिकटून काही आलं की ते त्याला टॅगची सुरुवात समजतं आणि '>' सापडेपर्यंत सगळं गिळतं. नाहीच सापडला तर शेवटपर्यंत. '<' नंतर स्पेस असेल तर मात्र सोडून देतं. त्यामुळे काही शेरे नीट यायचे आणि बग हाती लागत नव्हता. रेगेक्सवाल्यांनी हसू नये. जो तो कॉपी करतो तो "<[^>]*>" पॅटर्न "क्ष < ५ आणि य > ३" यातला मधला भाग खातोच.

हे फंक्शन लावलंच कशाला, तर म्हणे सुरक्षेसाठी! पण ठळक अक्षरांचा 'बी' टॅग चालू ठेवला, तर त्यातला कोड चालवणारा 'ऑनमाउसओव्हर'ही तसाच आत येतो. धोक्याचे शब्द गाळूनही भागत नाही. २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कचा फिल्टर 'जावास्क्रिप्ट' हा शब्द काढून टाकायचा; सॅमी कामकरने त्या शब्दाच्या मध्येच ओळ तोडली आणि त्याचा वर्म दिवसभरात दहा लाखांवर प्रोफाइलांत पसरला.

म्हणून मजकूर जसा आला तसाच साठवा. लॅबमध्ये तो साठवण्याआधीच कापला जात होता, त्यामुळे जुने शेरे परत मिळाले नाहीत. पानावर दाखवताना 'एचटीएमएलस्पेशलचार्स' वापरा: वाचणाऱ्याला '<' दिसतो, ब्राउझर मात्र त्याला टॅग मानत नाही. हे एकदाच करा, नाहीतर पानावर '&' चा कचरा दिसेल.

एसएमएस किंवा सर्चसाठी खरोखर साधा मजकूर हवा असेल, तर पार्सर घ्या. ब्राउझरमध्ये 'डोमपार्सर' आणि 'टेक्स्टकंटेंट' पुरतात. रिकाम्या 'डिव्ह'च्या 'इनरएचटीएमएल'मध्ये मजकूर ओतू नका; तो डिव्ह पानावर नसला तरी चित्राच्या टॅगमधला 'ऑनएरर' चालतो. पीएचपीच्या 'डोमडॉक्युमेंट'ला यूटीएफ-८ असल्याचं सांगितलं नाही, तर मराठीचा चिखल होतो. लोकांना ठळक-तिरपं लिहू द्यायचंच असेल, तर 'डोमप्युरिफाय'सारखी तयार लायब्ररी वापरा. फिल्टर घरी बनवू नका.

आज आपल्या प्रत्येक फॉर्ममध्ये "वय <५ वर्षे" असं टाकून बघा. सेव्ह करा आणि थेट डेटाबेसमध्ये काय उरलं ते तपासा.