कुलमुखत्यारपत्र आणि जमिनीची मालकी

उल्हासनगरच्या कॅम्प ५ कडून अंबरनाथच्या बाजूस निघालें म्हणजे शहर कोठें संपलें व गांवचें शिवार कोठें लागलें हें हल्लीं सहज कळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीतील बराकी व भूखंड पुढें १९५४ च्या केंद्रीय कायद्यान्वयें निर्वासितांस सनदेनें देण्यांत आले. भोंवतालच्या गांवांची शेती मात्र सात-बाऱ्यावर राहिली. शेजारशेजारच्या जमिनींचा पुरावा असा निरनिराळा असल्यामुळें ठकांचें फावतें. सनद दाखविणारा असो वा सात-बारा, त्याजकडून मूळ कागद मागावा व तो सरकारी दप्तरांतील नोंदीशीं ताडून पाहावा.

परंतु आमच्या शेतकरी बंधूंस खरेदीपेक्षां सहीचा धोका अधिक. बिल्डर येतो, शेत विकसनास मागतो, इसार देतो, आणि करारनाम्याबरोबर कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. शेतकऱ्यास वाटतें, आपण कामापुरता अधिकार दिला. कागदांत मात्र विक्री करणें, गहाण ठेवणें, पैसे स्वीकारणें, इतकेंच नव्हे तर दुसरा मुखत्यार नेमणें, हीं सर्व कलमें असूं शकतात.

सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें सूरज लॅम्प खटल्यांत सांगितलें कीं, मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या जोडीनें स्थावराची मालकी बदलत नाहीं. विक्रीस नोंदणी झालेलें खरेदीखतच लागतें. हा निकाल ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात, तें बरोबर नाहीं. विक्रीचा अधिकार दिलेला असेल तर मुखत्यार तेंच खरेदीखत आपल्या वतीनें करून देतो, व तें आपणांस बांधतें. शिवाय त्या मिळकतींत त्याचा स्वतःचा हितसंबंध निर्माण झाला असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचें कलम २०२ आड येऊन मुखत्यारपत्र मर्जीप्रमाणें रद्दही करतां येत नाहीं. सबब सहीपूर्वीं आपल्या वकिलाकडून मसुदा वाचून घ्यावा. बिल्डरनें आणलेला वकील आपला नव्हे. विक्रीचा व गहाणाचा अधिकार गाळावा, आणि मुदत लिहून घ्यावी.

सरकारी नोंदणीवरही आंधळा भरंवसा नको. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारें महारेराची नोंदणी मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्या. त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. नोंदणी क्रमांक पाहून घर घेतलेलीं कुटुंबें उघड्यावर येण्याची वेळ आली. दुय्यम निबंधकाचेंही तसेंच : तो दस्त नोंदतो, मालकीचा निवाडा करीत नाहीं. सात-बाऱ्याची नोंददेखील १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेंच.

आपल्या नांवानें तोतयानें दस्त केल्यास फेरफाराची नोटीस ही पहिली खूण होय. मुदतींत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी व पोंच घ्यावी. फिर्याद जरूर करावी, पण तीमुळें गुन्हेगारास शिक्षा होईल. दस्त रद्द करून घेण्यास दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत सामान्यतः फसवणूक कळल्यापासून तीन वर्षें आहे. पोलिसांच्या तपासाची वाट पाहण्यांत हीं वर्षें निघून जातात.

आणखी एक गोष्ट घरचीच. वडील वारून दहा-वीस वर्षें झालीं तरी उताऱ्यावर त्यांचेंच नांव ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. बहिणींचीं नांवें लावावीं लागतील म्हणूनही कित्येक घरीं वारसनोंद लांबवितात. मृताच्या नांवानें उभा राहणाऱ्या तोतयास असाच उतारा हवा असतो, कारण नोटीस मृताच्या नांवें निघते आणि हरकत घेण्यास कोणी येत नाहीं. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे मृत्यूच्या दाखल्यासह देतां येतो, आणि त्यास बिल्डर लागत नाहीं.