शुश्रूषेचे ऋण

आईबाप रुग्णालयात देह ठेवितात तेव्हा घरची मंडळी डाक्तरांचे आभार मानितात, हिशेब चुकता करितात व प्रेत घेऊन गावी परततात. ज्या परिचारिकेने उशाशी रात्री जागून काढिल्या, तिचे नावही पुष्कळांस ठाऊक नसते. लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परंतु उपकार मानावयास एकच मागे फिरला. वाचकहो, आपण कोणांत मोडतो?

प्रथम, उपकार ओळखावा. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याची कूस वेळोवेळी बदलली नाही, तर पाठीस व कमरेखाली जखमा पडतात. कूस बदलणे, मळलेले अंथरूण काढणे, अंग पुसणे ही कामे लोक हलकी मानितात. तीच ती आदराने करिते. माझ्या मातोश्रींच्या अखेरच्या दिवसांत एका परिचारिकेने आम्हांस शिकविले की, गिळण्याची शक्ती गेल्यावर बळेच पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत उतरते. स्वच्छ ओल्या फडक्याने ओठ व जीभ ओलसर ठेवावी. मातोश्री उत्तर देत नसत, तरी हात लावण्यापूर्वी ती दर वेळी म्हणे, “आजी, आता या कुशीवर निजवते हं.”

दुसरे, कृतज्ञतेस फळ येते. डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडातील यहूदी निर्वासित १९४८ साली लंडनात कर्करोगाने वारला. सिसिली साँडर्स ह्या बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. त्या त्याच्याजवळ बसून त्याचे मनोगत ऐकत. अशा रोग्यांकरिता त्या घर उभारू इच्छीत होत्या, म्हणून त्याने मरतेसमयी त्यांस ५०० पौंड ठेविले. १९६७ साली लंडनात सेंट ख्रिस्तोफर हे सेवागृह उघडले. मुंबईत वांद्रे येथे अंतकाळच्या रोग्यांकरिता शांती अवेदना हे घर १९८६ साली सुरू झाले.

तिसरे, कृतज्ञता कृतीत आणावी. दुःखाचे पहिले दिवस सरल्यावर घरातील एकाने रुग्णालयात परत जावे, तिचे नाव विचारावे, आणि तिचे कोणते कृत्य मनात राहिले ते तिला सांगावे. जाणे न घडल्यास मुख्य परिचारिकेस पत्र लिहावे व त्यात तिचे नाव घालावे. हातात गुपचूप पैसे ठेवू नयेत. त्याने सेवेचे मोल होत नाही. आणि शेजारच्या घरी कोणी अंतकाळी पडला असेल, तर तिने शिकविले ते तेथे जाऊन करावे. हे ऋण असेच फिटते.